बायोडाटाचा कागद : आधी पन्हा, मग मजकूर

नोकरीसाठी अर्ज करणारा माणूस मुलाखतीच्या खोलीत शिरण्यापूर्वी त्याचा बायोडाटा साहेबांच्या टेबलावर जाऊन पडलेला असतो. आपल्या समाजात वेल्डर, प्लंबर, ए.सी. मेकॅनिक, सुतार, टेलर, ड्रायव्हर असे हातात हुनर असलेले तरुण पुष्कळ आहेत. रत्नागिरी-रायगडच्या गावागावांतून आखाती देशांत कामासाठी जाणाऱ्यांची परंपरा तर जुनी आहे. या तरुणांचे काम चोख असते, पण त्यांचा बायोडाटा अनेकदा चोख नसतो. मजकूर बरोबर असतो, मात्र खालची सहीची ओळ कापलेली असते, डाव्या बाजूची अक्षरे फाईलच्या भोकात गेलेली असतात, किंवा एकटी 'स्थळ, दिनांक, सही' एवढीच मंडळी दुसऱ्या पानावर जाऊन बसलेली असते.

बायोडाटात काय लिहावे, यावर बरेच सांगितले जाते. तो ज्या कागदावर छापायचा, त्या कागदाचे माप आणि त्याच्या चारही बाजूंना सोडायचा समास यांविषयी सहसा कोणी सांगत नाही. आजच्या पाठात तेवढाच विषय घेऊ. अर्ज करणाऱ्यांना तो उपयोगी आहेच, पण डी.टी.पी., झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मची दुकाने चालविणाऱ्या आपल्या बांधवांनाही तो तितकाच उपयोगी आहे.

मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागावर काम करणाऱ्याला हे पटकन समजेल. कापडाची ऑर्डर आली की तो प्रथम पन्हा विचारतो, मीटरचा हिशेब नंतर. पन्हा ठरल्याशिवाय माग लावता येत नाही. बायोडाटाचेही तसेच आहे. कागदाचे माप म्हणजे त्याचा पन्हा. तो आधी ठरवावा, मग समास ठरवावा आणि मजकूर शेवटी भरावा. बहुतेक ठिकाणी हे उलट होते. मजकूर आधी भरतात आणि कागदाचा विचार प्रिंट काढताना करतात. सगळा घोटाळा तेथे होतो.

कागदाची चार मापे

आपल्याकडील दुकानांत मुख्यतः पुढील मापांचे कागद भेटतात.

ए-४ : रुंदी २१० मि.मी., उंची २९७ मि.मी.
लेटर : रुंदी २१५.९ मि.मी., उंची २७९.४ मि.मी., म्हणजे साडेआठ बाय अकरा इंच.
लीगल : रुंदी २१५.९ मि.मी., उंची ३५५.६ मि.मी., म्हणजे साडेआठ बाय चौदा इंच.
फुलस्केप : हा लीगलच्याच जवळपासचा लांब कागद. याचे माप गिरणीगणिक थोडे वेगळे असते, म्हणून तो पट्टीने मोजूनच घ्यावा.

बायोडाटासाठी ए-४ घ्यावा. भारतात, आखाती देशांत आणि युरोपात कार्यालयीन कागदपत्रे याच मापाची असतात. लेटर हे माप मुख्यतः अमेरिका आणि कॅनडा येथील आहे. तेथील कंपनीकडे छापील अर्ज पाठवायचा असेल तरच ते निवडावे. लीगल आणि फुलस्केप कोर्ट-कचेरीच्या सवयीतून आपल्याकडे राहिले. पण सर्वोच्च न्यायालयानेही १ एप्रिल २०२० पासून आपल्या कामकाजासाठी ए-४ कागद दोन्ही बाजूंनी छापून वापरण्याचा नियम लागू केला आहे.

ए-४ या मापामागे एक साधा हिशेब आहे. या कागदाची उंची रुंदीच्या १.४१४ पट असते. त्यामुळे तो मधोमध दुमडला तरी अर्ध्या कागदाची ठेवण तीच राहते. या गुणाचा उल्लेख जर्मन प्राध्यापक लिख्टेनबर्ग यांनी १७८६ सालच्या एका पत्रात केला होता. जर्मनीने १९२२ साली त्यावर आधारलेली मापे प्रमाण ठरविली आणि १९७५ साली ती आय.एस.ओ. २१६ या नावाने आंतरराष्ट्रीय झाली. सर्वांत मोठा कागद ए-० हा एक चौरस मीटरचा असतो आणि त्यातून बरोबर १६ ए-४ निघतात. म्हणून ८० जी.एस.एम.चा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा कागद घेतला, तर ए-४ च्या एका पानाचे वजन ५ ग्रॅम भरते.

पट्टी नसताना ए-४ ओळखण्याची युक्ती

कागदाचा वरचा एक कोपरा धरून वरची आखूड कड बाजूच्या लांब कडेवर बरोबर बसेल अशी तिरकी घडी घाला. चौकोनी कागदापासून त्रिकोण करताना घालतात तशी. या तिरक्या घडीची लांबी आता तशाच दुसऱ्या कागदाच्या लांब कडेशी ताडून पाहा. दोन्ही सारख्या भरल्या तर कागद ए-४. घडी कडेपेक्षा लांब निघाली तर तो लेटर, आणि कड घडीपेक्षा बरीच लांब निघाली तर तो लीगल किंवा फुलस्केप. कारण २१० मि.मी.च्या चौरसाचा कर्ण २९७ मि.मी. भरतो आणि तीच ए-४ ची उंची आहे.

माप जुळले नाही तर काय होते

संगणकातील फाईलला एक माप असते आणि मशीनच्या ट्रेमध्ये ठेवलेल्या कागदाला एक माप असते. ही दोन जुळली नाहीत तर तीनपैकी एक गोष्ट घडते.

पहिली, मजकूर कापला जातो. ए-४ ची फाईल लेटर कागदावर आहे त्याच आकारात छापली तर १७.६ मि.मी. उंची कमी पडते. तळाचा समास लहान ठेवलेला असेल तर शेवटची ओळ गेलीच म्हणून समजा. आपल्याकडील बायोडाटात शेवटी काय असते? 'वरील माहिती सत्य आहे' हे निवेदन आणि सही. म्हणजे ज्या ओळीवर अर्जदाराची जबाबदारी उभी असते, नेमकी तीच नाहीशी होते.

दुसरी, मजकूर आकसतो. मशीन किंवा प्रोग्राम 'फिट' करून छापतो. लीगल मापात बनविलेली फाईल ए-४ वर बसविली तर ती सुमारे साडेत्र्याऐंशी टक्क्यांवर येते. ११ पॉइंटचे अक्षर ९ पॉइंटच्या आसपास होते. शिवाय दोन्ही बाजूंना प्रत्येकी दीड सें.मी. जागा नाहक कोरी पडते. चष्मा लावून पन्नास-शंभर अर्ज चाळणारा माणूस असा बायोडाटा बाजूला ठेवतो.

तिसरी, मजकूर सरकतो. फाईलचे माप लेटरवरून ए-४ किंवा ए-४ वरून लेटर केले की ओळी नव्याने मांडल्या जातात. ११ पॉइंटचे अक्षर आणि १४ पॉइंटचे ओळींतील अंतर धरले तर एका ओळीला सुमारे ५ मि.मी. लागतात. १७.६ मि.मी. म्हणजे साडेतीन ओळी झाल्या. एका पानात नेमका बसविलेला बायोडाटा दुसऱ्या दुकानात उघडला की सही दुसऱ्या पानावर का जाते, याचे उत्तर बहुधा या साडेतीन ओळींत असते.

समास किती सोडावा

शिंपी कापड बेतताना शिवणीसाठी माया ठेवतो. ती माया वाया गेलेले कापड नव्हे. तिच्यामुळे शिवण टिकते आणि पुढे कपडा सैल करायचा झाला तर जागा असते. बायोडाटाचा समास ही कागदाची माया आहे. तिची चार कामे आहेत.

मशीनसाठी : साधा लेसर किंवा इंकजेट प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापू शकत नाही. साधारण ४ ते ६ मि.मी. पट्टी कोरी सोडावीच लागते.

झेरॉक्ससाठी : एका बायोडाटाच्या पुढे अनेक प्रती निघतात. काचेवर कागद जरा तिरका पडला, तर प्रत्येक प्रतीत कडेचे काही मिलिमीटर जातात. प्रतीची प्रत काढली की आणखी जातात.

फाईलसाठी : पंचिंग मशीनच्या दोन भोकांचे आंतरराष्ट्रीय माप ठरलेले आहे. भोकांचे मध्यबिंदू कागदाच्या कडेपासून १२ मि.मी. आत असतात आणि भोकाचा व्यास ६ मि.मी. असतो. म्हणजे कडेपासून १५ मि.मी.पर्यंत भोकच आहे. कागद फाईलमध्ये लागल्यावर वळतो, तेव्हा आणखी १ सें.मी. तरी हवा.

वाचणाऱ्यासाठी : मुलाखत घेणारा समासात टिपण करतो, टिक करतो, पगाराचा आकडा लिहितो. त्यालाही जागा हवी.

हे सर्व धरून पुढील मापे पाठ करून ठेवावीत. डावीकडे २.५ सें.मी., उजवीकडे २ सें.मी., वर २ सें.मी., खाली २ सें.मी. यात मजकुरासाठी १६.५ सें.मी. रुंदी आणि २५.७ सें.मी. उंची उरते. इंग्रजी ११ पॉइंटच्या वर सांगितलेल्या ओळी त्यात सुमारे ५२ बसतात. पाच-दहा वर्षांचा अनुभव असलेल्या कारागिराला ५२ ओळी पुरेशा आहेत. चारही बाजूंना २.५४ सें.मी., म्हणजे एक इंच सोडला तरी चालतो. वर्डमध्ये नवी फाईल बहुधा तशीच उघडते. मात्र कोणत्याही बाजूला सव्वा सें.मी.च्या खाली जाऊ नये.

बायोडाटा उर्दूत असेल तर हिशेब उलटा करावा. उर्दू उजवीकडून सुरू होते आणि त्या कागदांची फाईलही उजवीकडून लागते. म्हणून २.५ सें.मी. उजवीकडे आणि २ सें.मी. डावीकडे ठेवावे. मराठी बायोडाटात समास इंग्रजीप्रमाणेच, पण ओळींतील अंतर वाढवावे लागते. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतो. १३ पॉइंटचे अक्षर आणि २० पॉइंटचे अंतर धरले तर एका पानात सुमारे ३६ ओळी येतात. इंग्रजी बायोडाटाचे मराठी रूप एका पानात बसत नाही ते यामुळे. अशा वेळी समास कापण्यापेक्षा सरळ दोन पाने करावीत.

संगणकावर मापे कशी लावावीत

मजकुराचे एक अक्षरही टाइप करण्यापूर्वी पुढील गोष्टी कराव्यात.

वर्डमध्ये : 'लेआउट' या भागात जाऊन 'साइज' वर क्लिक करा आणि 'ए-४' निवडा. त्याच भागातील 'मार्जिन्स' उघडून सर्वांत खालचे 'कस्टम मार्जिन्स' निवडा. चारही मापे भरा. त्या चौकटीच्या तळाशी 'अप्लाय टू' असे असते, तेथे 'होल डॉक्युमेंट' ठेवा. नाहीतर पहिले पान ए-४ आणि दुसरे लेटर अशी फाईल तयार होऊ शकते. मापे इंचात दिसत असतील तर 'फाईल', 'ऑप्शन्स', 'अॅडव्हान्स्ड' या वाटेने जाऊन सेंटिमीटर निवडता येते. अमेरिकी इंग्रजीची मांडणी असलेल्या संगणकावर नवी फाईल बहुधा लेटर मापाची उघडते, हे दुकानदारांनी विशेष ध्यानात ठेवावे.

गूगल डॉक्समध्ये : 'फाईल' मधून 'पेज सेटअप' उघडा. तेथे 'पेजलेस' नावाचा प्रकार असतो, त्यात कागदाला माप नसते. म्हणून 'पेजेस' निवडा, मग पेपर साइज ए-४ करा आणि चारही मार्जिन भरा. 'सेट अॅज डिफॉल्ट' दाबले की पुढील प्रत्येक नवी फाईल याच मापाची उघडते.

लिबरऑफिसमध्ये : हा प्रोग्राम मोफत आहे आणि लहान दुकानदाराला परवडतो. त्यात 'फॉरमॅट' मेनूमधील 'पेज स्टाइल' उघडा. कागदाचे माप आणि समास दोन्ही एकाच चौकटीत मिळतात.

फोटो लावायचा असेल तर पासपोर्ट फोटोचे ३५ बाय ४५ मि.मी. हे माप धरून वर उजव्या कोपऱ्यात, पण समासाच्या आत जागा राखावी. फोटो समासात सरकवू नये. स्टेपलची पिन डाव्या कोपऱ्यात लागते, म्हणून फोटो उजवीकडे बरा. नाव आणि मोबाईल नंबर मजकुराच्या अगदी वर लिहावा. तळाशी लिहिलेला नंबर कापला गेला तर बोलावणे पाठवायला मार्ग उरत नाही.

छापताना तीन ठिकाणे जुळवा

फाईल तयार झाली की तिची पी.डी.एफ. करून ठेवावी. वर्डची फाईल दुसऱ्या संगणकावर फॉन्ट नसल्यास किंवा कागदाचे माप वेगळे असल्यास विस्कटू शकते. पी.डी.एफ.मध्ये ओळी जागच्या जागी राहतात. अॅडोबी रीडरमध्ये फाईलच्या 'प्रॉपर्टीज' मध्ये पानाचे माप दिसते. ए-४ असेल तर तेथे २१० बाय २९७ मि.मी. किंवा ८.२७ बाय ११.६९ इंच असा आकडा येतो.

यानंतर तीन ठिकाणी एकच माप आहे की नाही, ते पाहावे. पहिले ठिकाण फाईल, दुसरे प्रिंटची आज्ञा देताना उघडणाऱ्या चौकटीतील पेपर साइज, आणि तिसरे मशीनच्या ट्रेमधील प्रत्यक्ष कागद. तिन्ही ए-४ असतील तर छपाई बिघडण्याचे कारण उरत नाही. पी.डी.एफ. छापताना 'फिट' ऐवजी 'अॅक्च्युअल साइज' निवडावे. वर्डमध्ये ए-४ आणि लेटर यांतील फरक आपोआप आकसून भरून काढण्याची एक सोय आतच चालू असते. त्यामुळे चूक झाकली जाते आणि अक्षर बारीक का झाले, ते कळत नाही. म्हणून पहिले पान छापून आले की पट्टी लावावी. डावा समास २.५ सें.मी. ठेवला असेल तर कागदावरही तो तेवढाच भरला पाहिजे. एखाद्या मिलिमीटरचा फरक मशीनचा असतो, त्याची चिंता नको.

कागदपत्रांचा संच देताना आय.टी.आय.चे प्रमाणपत्र, अनुभवाचे दाखले यांच्या प्रतीही ए-४ वरच काढाव्यात. लहान-मोठ्या कागदांचा संच फाईलमध्ये नीट बसत नाही आणि बाहेर आलेल्या कडा प्रथम फाटतात. टपालाने पाठवायचे असल्यास ए-४ च्या तीन घड्या ११० बाय २२० मि.मी.च्या लांब पाकिटात नीट बसतात. पण संच मोठा असेल तर न दुमडता २२९ बाय ३२४ मि.मी.च्या मोठ्या पाकिटातून पाठवावा.

समास कापून एक पान करू नये

'बायोडाटा एकाच पानात हवा' असा एक समज आहे. त्यासाठी समास अर्ध्या सें.मी.वर आणतात, अक्षर ८ पॉइंटचे करतात. हा चुकीचा मार्ग आहे. पान भरून वाहू लागले तर प्रथम मजकूर तपासावा. वडिलांचा व्यवसाय, भावंडांची संख्या, वजन-उंची, छंद या गोष्टी वेल्डरच्या अर्जात कशाला हव्यात? त्या जागी कोणत्या जाडीच्या पत्र्यावर, कोणत्या पद्धतीने वेल्डिंग केले आहे, ते एका ओळीत लिहिले तर साहेबांना माणूस कळतो. एवढे करूनही मजकूर जास्त भरला तर दोन पाने करावीत, दोन्ही पानांवर नाव आणि पान क्रमांक टाकावा. सही मात्र एकटी दुसऱ्या पानावर जाऊ देऊ नये, तिच्यासोबत मजकुराच्या निदान चार-पाच ओळी असाव्यात.

याउलट, अनुभव थोडा असलेले काही जण पान भरलेले दिसावे म्हणून समास चार-चार सें.मी. करतात, अक्षर १६ पॉइंटचे करतात. वाचणाऱ्याला ते लगेच कळते. जेवढे काम केले तेवढेच लिहावे आणि उरलेली जागा कोरी सोडावी. कोऱ्या जागेत लाज वाटण्यासारखे काही नाही.

दुकानदार बांधवांसाठी

ज्यांचे टायपिंग आणि प्रिंटचे दुकान आहे, त्यांनी ए-४ मापाची, समास लावलेली एक कोरी फाईल तयार करून संगणकावर ठेवावी. इंग्रजी, मराठी आणि उर्दू अशा तीन ठेवल्या तर उत्तम. ग्राहक आला की तिची प्रत काढून काम सुरू करावे. लीगल आणि ए-४ कागदांचे गठ्ठे वेगळ्या फळीवर ठेवावेत. ट्रे बदलला की पहिली प्रत मोजून पाहावी. वीस प्रती काढण्यापूर्वी एक प्रत ग्राहकाच्या हातात देऊन तळाची ओळ आणि फोन नंबर त्याच्याकडून वाचून घ्यावा. यात अर्धे मिनिट जाते आणि १९ कागद वाचतात.

माप पुरेपूर द्यावे, अशी कुरआनची व्यापाऱ्याला सक्त ताकीद आहे. आपण तिचा अर्थ तराजू आणि मीटरपट्टीपुरता धरतो. पण पैसे घेऊन दिलेल्या बायोडाटात सहीची ओळ कापलेली असेल तर तेही माप कमीच पडले. ग्राहक शिकलेला नसेल, त्याला ती चूक दिसणारही नाही. तेथे तर आपली जबाबदारी आणखी वाढते. त्याच्या रोजीचा कागद आपल्याकडे अमानत आहे.

घरी करण्याचा सराव

१) घरातील कोणताही छापील कागद घेऊन तिरक्या घडीने त्याचे माप ओळखा, मग पट्टीने खात्री करा.
२) आपल्या जुन्या बायोडाटाचे चारही समास मोजून कागदावरच लिहा. डावा समास दीड सें.मी.हून कमी असेल तर पंचिंग मशीन लावून पाहा, किती अक्षरे जातात ते दिसेल.
३) ए-४ ची नवी फाईल उघडून वरील मापे लावा आणि जुना मजकूर तीत भरा. सही कोणत्या पानावर येते, ते पाहा.
४) एक प्रत छापा आणि तिची झेरॉक्स काढा. त्या झेरॉक्सचीही झेरॉक्स काढा. तिसऱ्या प्रतीतही प्रत्येक ओळ पूर्ण वाचता आली तर तो बायोडाटा कोणत्याही कंपनीच्या टेबलावर ठेवण्याजोगा झाला, असे समजावे.